कापड आधी, मग चित्र

नागपुरात मनीषनगरच्या त्या हॉलात भिंतीवर निमाबाईंची अकरा चित्रं लावली होती. प्रत्येक चित्राखाली एक पांढरं कार्ड. त्याच्यावर चित्राचं नाव, लांबी-रुंदी, आणि शेवटच्या ओळीत सगळीकडं तेच ते : चित्रावर सही नाही. मी अकराही कार्डं वाचली. माझा चष्मा जुना आहे, पण एवढंही दिसत नाही असं नाही.

सही नाही म्हणे. सही होती. तुम्हीच ती कापली आणि वरून कार्ड लावलं की सही नाही. चोरानं घर फोडावं आणि जाताना दारावर लिहून जावं की या घराला कुलूप नव्हतं, तसं झालं हे.

बाईंचा भाचा समीर पाहुण्यांना चहा देत होता. पुण्याला राहतो, पोरगा वागायला वाईट नाही. मी त्याला तिथंच धरलं.

"काय गा, खालची लाल रेघ कुठं गेली?"

"काका, खालच्या कडा वाकड्या होत्या ना सगळ्या. फ्रेममध्ये बसेनात. दोन-दोन बोटं कापून सरळ करून घेतल्या."

"कोणाले विचारून?"

"कोणाला विचारणार काका? मावशी तर गेली."

मावशी गेली हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण त्या वाकड्या कडा मावशीच्या नव्हत्या. त्या माझ्या बायकोच्या होत्या. ती बाईंच्या आधी दीड वर्ष गेली, आणि तिच्या हाताचं या जगात तेवढंच राहिलं होतं. मी तसं बोललो तर आवाज चढला. चार लोक मान वळवून बघायला लागले. बघू द्या. चित्र बघायला आले होते, त्यातल्या अर्ध्या चित्राचंच मी सांगून राहिलो होतो.

पण हे असं मधूनच सांगून कोणाला समजायचं नाही. आधी बाई सांगितल्या पाहिजेत.

निमाबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीच्या तोंडाशी भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर त्यांची खोली होती. तिला त्या 'वरची' म्हणायच्या. दुसरी खोली कुहीकडं, धरणाच्या पाण्यातल्या बेटावर. तिला 'पाण्यातली'. "उद्या कुठं आहे बाई?" असं कोणी विचारलं की "वरच्यात" नाही तर "पाण्यातल्यात", एवढंच उत्तर. स्टुडिओ हा शब्द मी त्या हॉलातच पहिल्यांदा वाचला. बाईंनी तो वापरल्याचं मला आठवत नाही.

उंच, हाडकुळ्या. लग्न केलं नाही. पायात पुरुषी चपला, कारण बायकांच्या चपला चिखलात तुटतात. बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपली काही चूक झाली, आणि बहुतेक वेळा झालेली असायची. त्यांची एक सवय सगळ्या इतवारी बाजाराला माहीत होती : कापड चाटून बघायच्या. दुकानात गेल्या, थान उलगडलं, कोपरा धरला की जीभ लावली. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकांसमोर लाजायचे. बाई नाही लाजायच्या. "तुम्ही आंबा वास घेऊन घेता ना? मग?"

आमच्याकडं त्या अशाच आल्या. वीस-बावीस वर्षं झाली. दारात मिलच्या कापडाची गुंडाळी आपटली आणि म्हणाल्या, "सदाभाऊ विणकर इथंच राहतात का? हे बघा. रंग लावला की वरच बसतो, आत जात नाही. मेलेलं कापड आहे हे. मला जिवंत पाहिजे."

मी तेव्हा माग सोडलेला होता. हातमागाचं लुगडं कोणी घेत नव्हतं. काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडं पेट्या ठोकायच्या कामाला जायचो. मी सांगितलं, "बाई, उशीर झाला तुम्हाले. आता आमच्या इथं विणकर नाही राहिला."

आतून गिरजा, माझी बायको, पीठ माखलेल्या हातानं बाहेर आली. "माग हाय बाई," ती म्हणाली. "मानूस बंद पडला हाय, माग नाही."

बाई हसल्या. मला राग आला. पण पुढच्या रविवारी मी मागाच्या खड्ड्यातला कचरा काढला, फणी पुसली. गल्लीतले बाकीचे माग एक-एक करून भंगारात गेले. आमचा एकच राहिला तो या दोन बायकांच्या टोमण्यामुळं.

काम असं होतं. गिरजा सुताला तांदळाच्या पेजेची खळ द्यायची, चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरायची. मी विणायचो. बाईंना चित्राएवढे तुकडे लागायचे, म्हणून दर दीड वारावर कापड बंद करायचं, मध्ये चार बोटं उभा ताणा मोकळा सोडायचा आणि पुढचा तुकडा धरायचा. आता बंद करायची आमच्या घरची रीत आहे. शेवटचे पाच धोटे लाल सुताचे, आणि ते घरच्या बाईनं टाकायचे. माझी आई टाकायची, तिच्यानंतर गिरजा. मी उठायचो, ती मागावर बसायची, पाच वेळा धोटा इकडून तिकडं, पाच वेळा फणी, झालं. कापड बाईच्या हातानं बंद होते, असं आई म्हणायची. काहून, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गिरजा डावखुरी होती. फणी ओढायची तर डावीकडं जोर जास्त बसायचा. त्यामुळं तिची लाल रेघ सरळ येत नसे, उजवीकडं जरा ढळायची. आई असेतो तिला त्यावरून बोलणी बसली.

पहिला तुकडा घ्यायला बाई आल्या. कोपरा चाटला, "खळ बरोबर आहे" म्हणाल्या, मग अंगठा फिरवत खाली आल्या आणि लाल रेघेवर थांबल्या.

"हे काय आहे गिरजाबाई?"

"इथं कापड संपते. याच्या खाली कात्री लावा."

"आणि तिरपी काहून?"

गिरजा ओशाळली. "माहा हात डावा हाय बाई. उसवून सरळ करून देऊ का?"

"हात तर लावून पाहा," बाई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी आम्हाला वरच्या खोलीत बोलावलं. चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं. ही त्यांची दुसरी सवय. कोणीही येवो, मोठा असो की लहान, आधी चित्राची पाठ दाखवायच्या. "कापड आधी, मग चित्र." माणूस पाठीवरून हात फिरवायचा, खळ आणि सूत बघायचा, मग त्या चित्र वळवायच्या. काही लोकांना हा अपमान वाटायचा. अशांना त्या पाठच दाखवून पाठवून द्यायच्या.

आमच्यासमोर वळवलं. एक गाव होतं, वरून पाहिलेलं. कौलं, अंगणं, विहीर, वाटा, धानाच्या बांध्या. रंग खालपर्यंत आला होता आणि गिरजाच्या रेघेच्या एक बोट वर थांबला होता. रेघ तशीच उघडी.

मी म्हटलं, "बाई, नाव नाही टाकलं तुम्ही."

"सही आहे की खाली," बाई म्हणाल्या. "तिरपी."

गिरजानं पदर तोंडावर घेतला. माझ्या आईच्या बोलण्याचं तिच्या मनातलं काहीतरी त्या दिवशी सुटलं, एवढं मला कळलं. त्यानंतर बाईंनी जेवढी चित्रं काढली त्यांतल्या एकावरही नाव टाकलं नाही.

ते गाव बाईंच्या आईचं. धरण भरलं तेव्हा पाण्याखाली गेलं. गावाला लागून एक टेकाड होतं, त्याच्यावर मामाची धान ठेवायची खोली. सरकारी माणसांनी जमीन मोजली, घरं मोजली, झाडं मोजली, आणि गाव उचलून सडकेच्या बाजूला पत्र्याखाली नेऊन ठेवलं. टेकाड मात्र बुडलं नाही. चारी बाजूनं पाणी, मध्ये खोली. बाईंनी तिला दार बसवलं, छत शाकारून घेतलं, आणि दर शनिवारी जायला लागल्या. कुहीपर्यंत एसटी, पुढं ऑटो, मग मारोतीची नाव. मारोती ढिवर. त्याचंही घर तिथंच खाली. आता तो त्याच्यावरून जाळं ओढतो.

गिरजाला एकदा बाईंनी हट्टानं नेलं. मी सोबत. ही बाई जन्मात नावेत बसली नव्हती. दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून बसलेली. अर्ध्या पाण्यात बाई म्हणाल्या, "थांबव गा मारोती." मग पाण्याकडं बोट करून, "गिरजाबाई, ही आमची विहीर. तिकडं आईचं अंगण. आणि आता आपण मारुतीच्या देवळाच्या पारावर आहोत."

गिरजानं डोळे उघडले. खाली नुसतं गढूळ पाणी. पण तिनं वाकून पायातल्या चपला काढल्या आणि मांडीशी ठेवल्या.

"काहून वं?" मी विचारलं.

"लोकाईच्या घरावरून चालून राहिलो ना आपण," ती म्हणाली.

मारोतीनं वल्हं नावेत आडवं ठेवलं. बाईंनी पण आपल्या चपला काढल्या. त्या दिवसापासून त्या नावेत कोणी पायात काही घालून बसलं नाही. मारोती तर अनवाणीच असायचा, पण तो बसणाऱ्याला सांगायला लागला, "चपला काढा, गाव हाय खाली."

बेटावर गिरजानं भात शिजवला. चित्रं बघून तिनं बाईंना विचारलं, "सगळं काढता बाई, पाणी काहून नाही काढत?"

"पाणी त्यांनी भरलं," बाई म्हणाल्या. "मी खालचं काढते."

गिरजा त्यांच्याशी अशी बोलायची. मी घाबरायचो. बाई चित्रकला शिकलेल्या लोकांचं ऐकत नसत, पण गिरजा म्हणाली, "या गोठ्यात गाय नाही तं शेण कुठून आलं," की मुकाट्यानं गाय काढायच्या.

एक साहेब आला होता बेटावर. मोठं घर बांधलेला माणूस, चित्र पाहिजे होतं. त्या दिवशी कापड पोचवायला मी तिथं होतो. साहेबानं बूट काढताना आधीच नाराजी दाखवली होती. बाईंनी पाठ दाखवली, ती त्यानं बघितली न बघितली. चित्र आवडलं. मग म्हणाला, "मॅडम, नीचे ये लाल लाइन टेढ़ी आई है. इसको काट दें तो सोफे के ऊपर एकदम परफेक्ट."

बाईंनी चित्र परत भिंतीकडं वळवलं. "मारोती," त्या म्हणाल्या, "साहेबाले सोडून ये. आणि यांचे बूट हातात दे, तिकडच्या काठावर गेल्यावर घालतील."

तो माणूस पायमोजे घालून उभा होता. बाई त्याच्याकडं पाठ करून चहाचं आधण ठेवायला लागल्या. मला हसू दाबता येईना. असं त्या बाईंचं होतं. जिवंत होत्या तोवर एका साहेबाला एक धागा कापू दिला नाही. आणि त्या गेल्यावर त्यांच्याच भाच्यानं फ्रेमवाल्याच्या टेबलावर अकराच्या अकरा कापून घेतल्या, हॉल सजवायचा म्हणून. सांगा, राग येणार नाही?

बाईंवरही माझा राग होता, तो लपवत नाही. गिरजा त्यांना दरवर्षी म्हणायची, "माहं एक काढा ना बाई. भिंतीवर लावीन." बाई म्हणायच्या, "प्रत्येकात आहेस की तू. खाली."

"खालीच का?" गिरजा म्हणायची, आणि दोघी हसायच्या. मला ते हसण्यासारखं वाटत नव्हतं. गावातली मेलेली म्हैस सुद्धा बाईंनी आठवून काढली, माझ्या बायकोचं तोंड नाही काढलं. आज माझ्याकडं तिचा एक फोटो आहे, रेशन कार्डासाठी काढलेला. त्यात ती कोणीतरी रागावल्यासारखी बघते.

दोन वर्षांमागं उन्हाळ्यात ती आजारी पडली. दुखणं पोटातच होतं, उशिरा कळलं. मागावर तेव्हा एक तुकडा अर्धा विणलेला होता. ती खाटेवरून त्याच्याकडं बघायची आणि म्हणायची, "तुम्ही विणून ठेवा, मी उठली की बंद करीन." मी विणलं नाही. विणून झालं की तिला बोलवावं लागेल, आणि ती उठणार नाही, हे मला दिसत होतं. पावसाच्या आधी ती गेली.

बाई आल्या. आत जाऊन गिरजाच्या चरख्यासमोर बसल्या आणि कांडी भरायला लागल्या. दोरा तुटायचा. परत जोडायच्या, परत तुटायचा. संध्याकाळपर्यंत बसल्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "मला येत नाही सदाभाऊ." त्यांना काही येत नाही असं मी तेव्हाच एकदा ऐकलं.

पुढं दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, "अर्धं कापड मागावर राहू देऊ नका. घराला बरं नाही." मग मी विणलं. खळ मीच केली, ती जाड झाली. विणत-विणत शेवटाला आलो आणि थांबलो. मागावरून उठलो. सवयीनं उठलो. जागा रिकामी ठेवून बाजूला उभा राहिलो.

नंतर परत बसलो आणि लाल पाच धोटे मीच टाकले.

खोटं कशाला सांगू, मी तिच्यासारखी रेघ ढाळायचा प्रयत्न केला. डाव्या हातानं फणी ओढली. पण पन्नास वर्षांचा हात ऐकत नाही. रेघ सरळ आली, पट्टीनं मारल्यासारखी.

ते कापड घेऊन मी बेटावर गेलो. बाई खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या. कोपरा चाटला, तोंड वाकडं केलं. मग अंगठा खाली-खाली आणत रेघेवर आल्या आणि तिथंच राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"मीच. घरात दुसरं कोण हाय?"

"काहून केलं?"

"तुमाले लागते म्हणून."

"मला रेघ नव्हती लागत सदाभाऊ. मला गिरजा लागत होती."

"आन् मले नव्हती लागत?"

बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. रेघेकडंच बघत होत्या. "तुम्ही तिची खोटी सही केली," त्या म्हणाल्या.

मग माझं डोकं राहिलं नाही. मी म्हटलं, "वीस वर्षं तिच्या हाताची खळ चाटली तुम्ही. तिनं एक तोंड काढा म्हटलं तं ते नाही निंगलं तुमच्या हातून. आन् खोटा मी? ठेवा तुमचं कापड. पाहिजे तं फाडून टाका."

त्या काही म्हणाल्या असतील. मी ऐकायला थांबलो नाही. उतरून नावेत बसलो. चपला काढल्या नाहीत. मुद्दाम काढल्या नाहीत. मारोतीनं माझ्या पायांकडं पाहिलं आणि वल्हं उचललं. बाई मागं पायरीवर होत्या. त्या शेवटच्या बघितल्या मी. त्यानंतर वर्षभरानं त्यांना ताप आला, नागपुरात आणलं, दवाखान्यात ठेवलं. मारोतीनं फोन केला होता. "सदाभाऊ, बाई इचारून राहिल्या." मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. राग धरायला मला कोणी शिकवावं लागत नाही. चौथ्या दिवशी गेल्या.

तर अशा माणसाला समीरनं हॉलाचं निमंत्रण पाठवलं, आणि तो माणूस हॉलात उभा राहून ओरडत होता.

"त्या कापलेल्या कडा कुठं हायत?" मी विचारलं.

"काका, असतील मागं. फ्रेमवाला इथंच आहे, एक चित्र राहिलंय त्याचं. तुम्हाला त्या चिंध्या पाहिजेत तर घेऊन जा."

चिंध्या हा शब्द मी ऐकला आणि गिळला, कारण 'एक राहिलंय' हेही ऐकलं होतं.

मागच्या खोलीत फ्रेमवाला टेबलावर वाकला होता. कोपऱ्यात प्लास्टिकच्या पोत्यात कडा कोंबलेल्या. टेबलावर बारावं चित्र पालथं. पाठ बघताक्षणी कळलं मला. ती जाड खळ माझीच होती. त्यानं लोखंडी पट्टी ठेवली होती आणि कटर उचलला होता.

मी पट्टीवर हात ठेवला. "कापायचं असंल तं बोटावरून काप."

"काका, खाली सगळं उसवलंय हो," तो म्हणाला. "दोरे लोंबून राहिले. असं कसं लावायचं?"

मी वाकून बघितलं. माझी लाल रेघ नव्हती. पाचही दोरे ओढून काढले होते, एक-एक करून, कापडाला जरा धक्का न लावता. त्यांच्या जागी ताण्याचे पांढरे दोरे मोकळे लोंबत होते. कापड बंदच केलेलं नव्हतं.

समीर आणि कार्डं लिहिलेल्या हॉलाच्या मॅडम मागून आल्या. मी चित्र सरळ केलं. पाठ तर आधी बघून झाली होती, बाईंच्या नियमानं.

पाणी होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नुसतं पाणी. बाईंनी जे कधी काढलं नाही ते. मध्ये नाव, वरून दिसते तशी, आत कोणी नाही. नावेत बायकांच्या चपलांचा एक जोड, नीट शेजारी-शेजारी ठेवलेला. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो मीच शिवला होता, गोणपाटाच्या सुईनं, कारण त्या दिवशी बेटावर जायचं होतं आणि तिच्याकडं दुसऱ्या चपला नव्हत्या. हे जगात फक्त तिघांना माहीत होतं.

तोंड नव्हतंच.

मॅडम हळू म्हणाल्या, "काका, हे अपूर्ण राहिलं का त्यांच्याकडून?"

"अपूर्णच हाय. बंद करणारी गेली ना."

"मग याच्यावर सही?"

"याच्यावर खरंच नाही," मी म्हटलं. "बारा कार्डांत हे एकच बरोबर असंल तुमचं. बाकीची काढा."

मॅडमनी बाहेर जाऊन अकरा कार्डं काढून आणली. समीर म्हणाला, "काका, आता कापलेलं कसं जोडणार?" मी म्हटलं, "तू कापताना इचारलं नाही कसं जोडायचं. आता मी शिवताना इचारू नको."

तीन दिवस मी त्या मागच्या खोलीत जमिनीवर बसून होतो. पोत्यातली कोणती कड कोणत्या चित्राची, ते दोरे मोजून आणि खळ बघून लावलं. हो, चाटूनही बघितलं. फ्रेमवाला बघत होता, बघू दे. काचा काढायला लावल्या, फ्रेमी मोठ्या करायला लावल्या. तो कुरकुर करत होता, पण तिसऱ्या दिवशी सुईत दोरा तोच ओवून द्यायला लागला. अकराही रेघा जागेवर आल्या, तिरप्याच्या तिरप्या. सांधा दिसतो. दिसू द्या. मी तो झाकला नाही. ज्यानं कापलं त्यालाही दिसला पाहिजे आणि बघणाऱ्यालाही. कार्डांवर आता गिरजाचं नाव आहे. मॅडमनी मला विचारून लिहिलं, आडनावासकट. बारावं चित्र दोरे लोंबते ठेवूनच लावलं आहे. पंख्याच्या वाऱ्यानं ते हलतात.

लोक म्हणतात, झालं ना मग सदाभाऊ, आता कशाचा राग? राहिलेला राग दुसऱ्या कोणावर नाही.

त्या भांडणाच्या दिवशी नाव काठापासून सुटल्यावर मी एकदा मागं बघितलं होतं. बाई पायरीवर बसलेल्या, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मांडीवर माझं कापड. वाकून सुईनं लाल दोरा उचलायच्या, हळूहळू पूर्ण ओढून घ्यायच्या. फेकत नव्हत्या. डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळत होत्या. मला वाटलं, माझं केलेलं माझ्याच डोळ्यांदेखत उसवून दाखवून राहिली ही बाई. मग त्यांनी मान वर केली आणि तो हात उचलला. दोऱ्यानं बोट लाल झालेलं.

मी तोंड फिरवलं.

"सदाभाऊ," मारोती म्हणाला, "बाई हात करून राहिल्या गा तुमाले."

मी माझ्या पायातल्या चपलांकडं बघत बसलो. खाली गाव चाललं होतं.